लालबागच्या पुलावरची मॉरिस

१

लालबागच्या उड्डाणपुलावर अच्युत तळपदे यांची जुनी मॉरिस गाडी चालता चालता जागच्या जागी अडकली. इंजिन आतून जाम झालं, त्यासरशी मागची चाकं धरली गेली आणि मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला ब्रेक मारायला जागाच उरली नाही. शुक्रवारची दुपार होती. तळपदे गाडीत एकटेच होते. इस्पितळात पोचायच्या आधीच ते गेले.

टेम्पोवाल्याला पोलिसांनी आधी पकडलं, पण पुलावरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. मॉरिस आपल्या लेनमध्ये सरळ चालली होती, टेम्पो फार वेगात नव्हता. मग सगळ्यांचं बोट राजेश घाडीकडे वळलं. परळला भोईवाड्यात त्याचं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांचा मेकॅनिक म्हणून त्याला बरेच लोक ओळखत. मॉरिसचं इंजिन त्यानेच दिवाळीच्या आधी पूर्ण खोलून बांधलं होतं. बांधलेलं इंजिन काही महिन्यांत जाम होतं आणि माणूस मरतो, म्हणजे कामात हलगर्जी झाली, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा होता. पोलिसांनी राजेशला दोनदा बोलावून बसवून ठेवलं. तिसऱ्यांदा बोलावतील तेव्हा घरी सोडणार नाहीत, असं त्याला तिथल्याच एका हवालदाराने सांगितलं.

विमा कंपनीने अनुजा परुळेकर यांना पाठवलं. अनुजाबाई मोटार सर्व्हेअर. पन्नाशी उलटलेल्या, दादरला एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. अपघातात चेपलेल्या गाड्या बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यांच्या पर्समध्ये होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या असत, नमुने घ्यायला.

पोलिसांच्या आवारात मॉरिस एका भिंतीला लावून ठेवली होती. फिकट हिरवा रंग, मागचा भाग पुढच्या सीटपर्यंत आत आलेला. पुढून मात्र गाडीला खरचटलंही नव्हतं. अनुजाबाईंनी इंजिन हाताने फिरवायचं हँडल पुढून लावलं आणि दोन्ही हातांनी जोर केला. हँडल तसूभरही हललं नाही.

"मॅडम, जाम आहे ते," सोबतचा हवालदार म्हणाला. "आमच्या चौघांनी करून बघितलं."

त्यांनी गाडीखाली एक पसरट डबा सरकवला आणि इंजिनाच्या तळाचा ऑइलचा बोल्ट सोडवला. तिथून काळं ऑइल यायला हवं होतं. आधी पाणी आलं, पातळ, जवळजवळ स्वच्छ. मग दूध घातलेल्या कॉफीसारखा घट्ट लगदा ओघळायला लागला.

"बघा," हवालदार म्हणाला. "पाणी गेलं ऑइलमध्ये. म्हणजे त्या घाडीने आतलं पॅकिंग नीट बसवलं नाही. रेडिएटरचं पाणी आत झिरपलं."

इंजिनात पाणी शिरायची नेहमीची वाट तीच. अनुजाबाईंनी मान हलवली आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. आतलं पाणी काठोकाठ होतं. राजेशने त्यात घातलेल्या कूलंटमुळे ते गर्द हिरवं दिसत होतं.

अनुजाबाई डब्याशी परत आल्या. लगद्याआधी आलेलं पाणी त्यांनी एका छोट्या बाटलीत भरून उजेडात धरलं. त्यात हिरव्याचा मागमूस नव्हता.

रेडिएटरमधून एवढं पाणी झिरपलं असतं, तर रेडिएटर रिकामा झाला असता आणि हे पाणी हिरवं असतं. पॅकिंग शाबूत होतं. पाणी वरून आलं होतं, ऑइल भरायचं झाकण उघडून.

हे पाणी कुणीतरी ओतलं होतं.

२

राजेशचं घर डिलाईल रोडच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडं होतं. राजेश पलंगाच्या कडेला बसला होता, दाढी वाढलेली. त्याची आई जाईबाई जमिनीवर तांदूळ निवडत होती. तांदूळ निवडून झाले होते, तरी ती निवडत होती.

"माझ्या झिलान तसा काय केल्यान नाय," अनुजाबाई आत यायच्या आधीच ती म्हणाली. "ह्याच्या बापाशीन तळपद्यांच्या घरात ड्रायव्हरकी केल्यान. मरेपर्यंत. ह्यो त्याच गाडीयेत खेळान मोठो झालो."

"आये, गप गे," राजेश म्हणाला.

"तुमका पटता काय सांगा, बाय," जाईबाई म्हणाली.

"माका अजून कायच म्हायत नाय," अनुजाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या लालबागच्या. आपल्या तोंडून आलेल्या मालवणीचं त्यांना स्वतःलाच थोडं आश्चर्य वाटलं. जाईबाईने हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि चहाचं आधण टाकायला उठली.

राजेशला त्यांनी सरळ विचारलं, "गाडी शेवटची कधी बघितलीस?"

"आधीच्या शनिवारी. दर शनिवारी जातो मी. ऑइल, पाणी, हवा सगळं बघून येतो. साहेब फक्त रविवारी काढायचे गाडी, नातीला घेऊन. वाळकेश्वरपर्यंत जायचे आणि यायचे. मी बघितल्याशिवाय रविवारी गाडी निघाली, असं कधी झालं नाही."

"ऑइल कसं होतं?"

"एकदम क्लीन. मॅडम, आपण काम नीट केलंय. खोटं कशाला बोलू."

"मग त्या शुक्रवारी ते गाडी घेऊन का निघाले? आणि या बाजूला?"

राजेशने खाली बघितलं. हाताच्या नखांत जुनं काळं ऑइल अडकलेलं होतं, ते तो दुसऱ्या नखाने काढत राहिला.

"माझ्याकडेच येत होते. सकाळी फोन आलेला."

"कशाला?"

"काम होतं काहीतरी."

"काय काम?"

"ते आल्यावर सांगणार होते."

तो खोटं बोलतोय हे कळायला अनुजाबाईंना फार विचार करावा लागला नाही. फोन करून गाडी घेऊन निघालेला माणूस आपल्या मेकॅनिकला काम सांगत नाही, असं होत नसतं. पण राजेशच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दुसरंच काहीतरी होतं. आतून खाणारं.

"या गाडीवर कुणाचा राग होता?" त्यांनी विचारलं.

"गाडीवर?" राजेशने मान वर केली. "विक्रांतशेठला ती नकोच होती. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार ना. नव्या टॉवरमध्ये असल्या गाडीला जागा नाही, म्हणून साहेब सही करत नव्हते. बाप-लेकात त्यावरून कायम वाजायचं."

जाईबाईने चहाचा कप पुढे केला. "यशोदाबाईंका सांगा," ती म्हणाली, "जाई विचारी होती म्हणान. त्येंच्या घरात इतकी वर्सां खाल्लंव आमी. एक फोन तरी करूचो होतो त्येंनी."

३

तळपद्यांची तीन मजली इमारत ठाकूरद्वारच्या एका गल्लीत होती. आजूबाजूच्या इमारती हिरव्या जाळ्यांनी झाकून पाडायला काढलेल्या. अंगणात विहीर, विहिरीवर पंप, आणि पंपाच्या नळाशेजारी गाडीचं गॅरेज. आता ते रिकामं होतं. जमिनीवर चाकांच्या जागी दोन फिकट पट्टे राहिले होते.

वॉचमन बुधाजी गॅरेजच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसे.

"त्या आठवड्यात बाहेरचं कुणी गॅरेजमध्ये गेलं होतं का?"

"बाहेरचा माणूस माझ्या समोरून जाणार आणि मला दिसणार नाही?" बुधाजीला प्रश्नाचा राग आला. "राजेशसुद्धा आला नव्हता. शनिवार कुठे आला होता अजून?"

"आणि घरातलं?"

"घरातल्यांना मी विचारत नाही. गुरुवारी विक्रांतसाहेब आणि मोठे साहेब इथेच उभे होते. बोलणं झालं त्यांचं. वरच्या आवाजात."

विक्रांत वरच्या मजल्यावर भेटला. पन्नाशीचा, एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी आजाराने गेलेली. मुलगी जुई आजी-आजोबांच्याच हाताखाली वाढली होती आणि आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बैठकीत अच्युतरावांच्या फोटोला हार घातलेला होता. फोटोतही त्यांचा एक हात मॉरिसच्या बॉनेटवर होता.

"भांडण झालं गुरुवारी, हो," विक्रांत म्हणाला. "लपवण्यासारखं काय आहे त्यात? मी बाबांना म्हटलं, तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहात, गाडी विका, सही करा आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, मी गेल्यावर काय ते करा. दुसऱ्या दिवशी गेलेच."

"गाडीची तुम्हाला माहिती आहे?"

"मला बॉनेटसुद्धा उघडता येत नाही. लहानपणापासून त्या गाडीला शिवलो नाही मी. बाबांचं जे काही प्रेम होतं ते तिकडेच गेलं. आणि बाई, मला एक सांगा. मी बिघाड केला असता, तर तो त्या घाडीने शनिवारी पकडलाच असता ना?"

हे त्याने सहज म्हटलं. अनुजाबाईंच्या मनात मात्र ते अडकलं. ज्याने पाणी ओतलं, त्यालाही शनिवार माहीत असणार. कदाचित शनिवारी ते पकडलं जावं, हीच त्याची इच्छा असेल.

विक्रांतची आई यशोदाबाई आतून आल्या. साधं फिकट लुगडं, हातांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. मागे जुई ट्रे घेऊन उभी होती. ग्लास ठेवताना तिने मान वर केली नाही.

अनुजाबाईंनी ग्लास उचलला आणि अंगणातली विहीर आठवून थबकल्या.

"घ्या हो, विहिरीचं नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "ते नुसतं खारं. भांड्यांवर पांढरे डाग पडतात. खाली धुण्या-पुसण्याला वापरतो. प्यायला आमच्याकडे फिल्टरचं असतं."

"गाडीत कुठलं घालायचे?"

"गाडीतलं मला काही माहीत नाही."

"आजोबा खारं पाणी गाडीच्या जवळ येऊ द्यायचे नाहीत," जुई म्हणाली. तोपर्यंतचं तिचं पहिलंच वाक्य. "लोखंड खातं म्हणायचे. गाडी पुसायलासुद्धा वरून बादली न्यायला लावायचे."

यशोदाबाईंनी नातीकडे पाहिलं. जुई आत निघून गेली.

"जाईबाईने तुमची चौकशी केली आहे," अनुजाबाई म्हणाल्या.

यशोदाबाईंच्या वाकड्या बोटांनी पदराचं टोक घट्ट धरलं.

निघताना अनुजाबाईंनी तीन बाटल्या भरून घेतल्या. एक विहिरीच्या नळाची, एक वरच्या मोरीतल्या महापालिकेच्या नळाची आणि एक स्वयंपाकघरातल्या फिल्टरची. चौथी, इंजिनातली, त्यांच्याजवळ होतीच. चारही बाटल्या माटुंग्याच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत गेल्या.

प्रयोगशाळेतल्या अमितचा फोन दोन दिवसांनी आला. "मॅडम, इंजिनमधल्या पाण्यात ऑइलचा अंश सोडला तर क्षार जवळजवळ नाहीतच. विहिरीचं शक्यच नाही. नळाचंही नाही. फिल्टरच्या बाटलीशी मात्र जुळतंय."

अनुजाबाईंनी फोन ठेवला, आणि तो लगेच पुन्हा वाजला. यशोदाबाई होत्या.

"तुम्ही या," त्या म्हणाल्या. "विक्रांत ऑफिसला गेलाय. मला सांगायचंय. पाणी मी ओतलं."

४

यशोदाबाई बैठकीत ताठ बसल्या होत्या. सगळं पाठ करून ठेवल्यासारखं त्या बोलत होत्या.

"त्यांना आताशा नीट दिसत नव्हतं. गाडी चालवू नका म्हटलं तर ऐकत नव्हते. म्हणून गुरुवारी मी खाली गेले आणि पाणी ओतलं. गाडी बंद पडेल, एवढंच मनात होतं. ते शुक्रवारी निघतील हे मला काय माहीत? पोलिसांना सांगा. राजेशला सोडा म्हणावं."

"पाणी कशातून नेलंत?"

"तांब्यातून."

"आणि ओतलंत कुठे?"

"पेट्रोल घालतात तिथे."

अनुजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पेट्रोलच्या टाकीत पाण्याचा थेंब नाही, बाई. मी बघितलंय. पाणी इंजिनात ओतलं होतं, ऑइलच्या झाकणातून. त्यासाठी आधी गाडीच्या आतला खटका ओढून बॉनेट उघडावं लागतं, मग ते झाकण पिळून काढावं लागतं. तुमच्या बोटांनी तुम्हाला डब्याचं झाकणही उघडत नसेल."

यशोदाबाईंनी हात पदराखाली घेतले.

"हे करणाऱ्याला गाडी माहीत होती," अनुजाबाई पुढे म्हणाल्या. "बुधाजीने बाहेरचं कुणी पाहिलं नाही, म्हणजे तो घरातलाच. हाताशी विहिरीचा नळ होता. गाडीचं नुकसानच करायचं असतं, तर कुणीही तोच उघडला असता. पण त्याने दोन जिने चढून फिल्टरचं पाणी खाली नेलं. कारण त्याला गाडी थांबवायची होती, तिचं लोखंड खायला द्यायचं नव्हतं. विक्रांतना यातलं काही ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. खारं पाणी गाडीजवळ नेऊ नये, हे या घरात एकाच माणसाला शिकवलेलं होतं."

"पुढे बोलू नका," यशोदाबाई म्हणाल्या. "मी सांगते आहे ना की मी केलं. तेवढ्यावर थांबा. माझं आता किती राहिलंय? तिचं सगळं आयुष्य पुढे आहे. ते गेले, आता मी तिलाही घालवू?"

"आणि राजेश?"

"राजेशच्या बापाने, लवूने, माझ्या मुलाला शाळेत नेऊन सोडलंय," यशोदाबाई म्हणाल्या. "बाळंतपणाला मी त्याच गाडीतून गेले, तोच चालवायचा. तुम्हाला काय वाटतं, मला रात्री झोप येते? राजेशला पकडतील असं वाटलंच नव्हतं. टेम्पोवाल्यावर भागेल असं वाटलं होतं."

"आजी, पुरे आता."

स्वयंपाकघराच्या दारात जुई उभी होती. ती किती वेळ तिथे होती, कोण जाणे.

५

ती येऊन जमिनीवर बसली, आजीच्या पायांशी. बोलताना ती अनुजाबाईंकडे बघत नव्हती.

"त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही वाळकेश्वरहून परत येत होतो. ऑपेरा हाऊसच्या सिग्नलला लाल दिवा होता. आजोबा थांबलेच नाहीत. समोरून एक बाई मुलाला घेऊन रस्ता ओलांडत होती. मी ओरडले आणि हँडब्रेक ओढला. गाडी त्या मुलाच्या इतक्या जवळ थांबली की त्याने बॉनेटवर हात टेकला. ती बाई शिव्या देत राहिली. आजोबा गप्प बसले होते. मग मला म्हणाले, दिवा दिसलाच नाही गं. मुलगाही दिसला नाही."

"घरी सांगितलं नाहीस?"

"नको म्हणाले. तुझ्या बाबाला कळलं तर तो गाडी उद्याच विकेल. सांगणार नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं." जुईने नाक पुसलं. "पण मला ते मूल सारखं दिसत होतं. पुढच्या रविवारी ते पुन्हा गाडी काढणार. मी बरोबर असले तरी काय, प्रत्येक वेळी हँडब्रेक वेळेवर ओढला जाईलच असं नाही. चावी लपवली असती तर त्यांना कळलं असतं मीच लपवली. वायर तोडली असती तर राजेशकाकांनी पाच मिनिटांत जोडली असती. ऑइलमध्ये पाणी गेलं की इंजिन चालवायचं नसतं, हे आजोबांनीच मला शिकवलं होतं. मला वाटलं, शनिवारी काका येतील, ऑइल बघतील, आणि म्हणतील, इंजिन खोलावं लागेल. मग महिना-दोन महिने गाडी बाहेर जाणार नाही. तेवढ्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होते."

"म्हणून फिल्टरचं पाणी."

"गाडी खराब करायची नव्हती मला," जुई म्हणाली. "गुरुवारी बाबा आणि आजोबांचं भांडण झालं. सगळे वर आले. मी बाटली घेऊन खाली गेले. बुधाजीकाकांना वाटलं, रोजच्यासारखी गाडी पुसायला चाललेय."

शुक्रवारी ती कॉलेजात असताना अच्युतरावांनी गाडी काढली. ऑइलचा लाल दिवा लागला असणारच. जाम होण्याआधी तो बराच वेळ लागलेला असतो. ज्या डोळ्यांना सिग्नल दिसला नाही, त्यांना तो दिवाही दिसला नाही.

"दुसऱ्याच दिवशी मी आजीला सांगितलं," जुई म्हणाली. "मला पोलिसांकडे जायचं होतं. आजीने शपथ घातली. मग राजेशकाकांना बोलावलं पोलिसांनी. मी रोज ठरवते, उद्या जाऊन सांगायचं. आणि रोज सकाळी माझे पाय उचलत नाहीत."

यशोदाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

"मी अहवालात जे खरं ते लिहिणार," अनुजाबाई म्हणाल्या. "पण तो पोलिसांकडे जायच्या आधी तू स्वतः गेलीस, तर त्याला अर्थ राहील. आधी बाबांना सांग."

विक्रांत संध्याकाळी आला. जुईने त्याला बैठकीतच सगळं सांगितलं. तो ऐकत गेला. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" आणि मग स्वतःच खुर्चीत बसला. उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याला सांगता येईल अशी परिस्थिती त्या घरात कुणीच ठेवली नव्हती, त्याने स्वतःनेही नाही.

ते दोघं वकिलाला घेऊन पोलिसांकडे गेले. राजेशला पुन्हा बोलावणं आलं नाही. जुईवर गुन्हा नोंदवला गेला. जामीन मिळाला. खटला कधी उभा राहील आणि काय होईल, हे वकीलही सांगू शकत नव्हता.

यशोदाबाई एकदा टॅक्सीने डिलाईल रोडला जाऊन आल्या. जाईबाईने त्यांना आत घेतलं, बसायला खुर्ची दिली, चहा केला. दोघी बराच वेळ बसून होत्या. जाईबाईने नंतर अनुजाबाईंना सांगितलं की बोलण्यासारखं काही सापडलंच नाही.

६

काही आठवड्यांनी पोलिसांनी गाडी सोडली. तळपद्यांच्या सांगण्यावरून ती टोइंग करून राजेशच्या गॅरेजमध्ये आणली गेली. अनुजाबाईंना शेवटची तपासणी करायची होती. त्या पोचल्या तेव्हा राजेशने इंजिन उतरवून बाकावर उघडं केलं होतं. क्रँकशाफ्टवरची बेअरिंगं वितळून शाफ्टला चिकटली होती. त्याने त्यांना बोट लावून दाखवलं.

"आता एक सांग," अनुजाबाई म्हणाल्या. "अहवाल गेला. मी आता फक्त विचारतेय. त्या दिवशी फोनवर काय बोलले तळपदे?"

राजेशने हात पुसले.

"म्हणाले, राजेश, आजपासून गाडी तुझ्याकडे ठेव. मला समोरचं दिसत नाही आता. रविवारी एक पोर थोडक्यात वाचलं. घरी विक्रांतला मी आजच सांगणार आहे, सहीही करतो म्हणावं. पण आधी गाडी हलवतो, नाहीतर उद्या माझा जीव परत अडकेल तिच्यात. आणि म्हणाले, जुई माझ्यासाठी तोंड मिटून बसलीय, तिच्यावर फार ओझं झालंय."

"तू काय म्हणालास?" अनुजाबाईंनी विचारलं.

"मी म्हटलं, साहेब, मी येतो घ्यायला. ते म्हणाले, नको, शेवटची चालवतो. हळू येतो. मी पण म्हटलं, बरं, या. एक गाडी खोलून पडली होती माझ्यासमोर." त्याने उघड्या इंजिनाकडे पाहिलं. "दिसत नाही म्हणणाऱ्या माणसाला मी 'या' म्हटलं. पोलिसांना हे कसं सांगायचं? आणि पोरगी कबूल झाल्यावर तर सांगायचा प्रश्नच मिटला."

"तिला माहीत नाही."

"नाही ना. तिने जे थांबवायला पाणी ओतलं, ते आपणहून थांबलंच होतं. हे तिला कुठल्या तोंडाने सांगू, मॅडम?"

बाहेर गाडी थांबली. विक्रांत आणि जुई आले. विक्रांत गाडी राजेशच्या नावावर करून द्यायला आला होता. जुई फार बारीक झाली होती. ती बाकाजवळ जाऊन उभी राहिली.

"इंजिन सुटेल?" तिने विचारलं.

"नाही," राजेश म्हणाला. "शाफ्टच गेला त्याचा. दुसरं इंजिन कुठे मिळालं तर बघू."

तिने मान हलवली. विक्रांतने गाडीच्या चेपलेल्या मागच्या बाजूकडे एकदा बघितलं आणि नजर फिरवली.

"शेवटपर्यंत कुणाचं ऐकलं नाही त्यांनी," तो म्हणाला. "आदल्या दिवशी मी एवढं बोललो, तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम गाडी काढली. मला दाखवून द्यायला."

जुई राजेशकडे बघत होती. "काका, आजोबांनी तुम्हाला फोन केला होता ना? ते का येत होते?"

राजेशने अनुजाबाईंकडे पाहिलं नाही. त्याने बाकावरचा एक नट उचलला आणि फडक्याने पुसायला घेतला.

"लोणावळ्याला जायचं म्हणत होते," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात, तुला घेऊन. म्हणाले, ब्रेक जरा बघून दे."

"बघा," विक्रांत म्हणाला. तो हसल्यासारखं करून बाहेर पडला.

जुई क्षणभर तिथेच उभी राहिली. तिच्या खांद्यांवरचा ताण थोडा सैल झाल्यासारखा वाटला. निदान अनुजाबाईंना तसं वाटलं. मग तीही वडिलांच्या मागे गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि भोईवाड्याच्या रहदारीत मिसळून गेला.

"मुलगा बापाला आयुष्यभर हट्टी समजत राहील," अनुजाबाई म्हणाल्या.

"समजू दे," राजेश म्हणाला. "साहेबांनी तेवढं तिच्यासाठी सोसलं असतं."

तो पुन्हा शाफ्टवर वाकला आणि चिकटलेलं बेअरिंग छिन्नीने सोडवायला लागला.